बिशप हेबर : ठाण्यात आलेले अँग्लिकन धर्माध्यक्ष

ठाण्याच्या तलावपाळीजवळचे संत जॉन बाप्टिस्ट चर्च आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. याच शहरात सेंट जेम्स हे दुसरे एक जुने चर्च आहे. ते अँग्लिकन पंथीयांनी बांधले. त्याच्या पवित्रीकरणासाठी १८२५ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनल्ड हेबर स्वतः ठाण्यास आले होते. ख्रिस्ती ऐक्यासाठी आपण दरवर्षी जानेवारीत प्रार्थना करतो. त्या संदर्भात या विद्वान धर्माध्यक्षांचे चरित्र आम्हांस स्मरणीय वाटते.

हेबर यांचा जन्म इंग्लंडमधील चेशायर परगण्यात २१ एप्रिल १७८३ रोजी झाला. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी असतानाच ते कवी म्हणून नावारूपास आले. १८०७ पासून हॉडनेट या खेड्यात त्यांनी धर्मगुरू म्हणून सेवा केली. १८१५ साली ऑक्सफर्ड येथे त्यांनी पवित्र आत्म्याविषयी व्याख्याने दिली. मिशनकार्यासाठी १८१९ साली त्यांनी रचलेले एक स्तोत्र जगभर गाजले. मात्र त्यातील बिगर-ख्रिस्ती लोकांविषयीचा सूर आज आपल्याला खटकतो, आणि महात्मा गांधींनीही पुढे त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता.

१८२३ साली त्यांची कलकत्त्याचे बिशप म्हणून नेमणूक झाली. त्या काळी संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन आणि पुढे ऑस्ट्रेलियासुद्धा या एकाच धर्मप्रांतात मोडत असे! एका माणसाच्या खांद्यावर एवढा भार टाकणाऱ्यांचे आम्हांस आश्चर्य वाटते. जून १८२४ मध्ये हेबर नावेतून गंगामार्गे निघाले आणि दिल्ली, राजपुताना व गुजरात पार करून एप्रिल १८२५ मध्ये मुंबईस पोहोचले.

कलकत्त्यास येताच त्यांच्यापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला होता. अँग्लिकन संस्थांसाठी काम करणाऱ्या अनेक जर्मन मिशनरींना ल्युथरन पद्धतीने गुरुदीक्षा मिळालेली होती. ती ग्राह्य धरावी काय? बिशपपदाची परंपरा प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि बिशपच्या हातून दीक्षा घेणे हाच योग्य मार्ग आहे, असे हेबर यांचे ठाम मत होते. तरीही ज्यांना तशी दीक्षा मिळाली नाही त्यांची सेवा निष्फळ आहे, असे म्हणण्यास त्यांनी नकार दिला. आपण जर्मनीत असतो तर तेथील ल्युथरन बांधवांबरोबर प्रभुभोजन घेतले असते, असेही त्यांनी एका मिशनरीस लिहून कळवले. स्वतःची श्रद्धा पातळ न करता दुसऱ्याचा मान राखण्याची ही वृत्ती त्या काळात दुर्मीळ होती.

मुंबईत त्यांची गाठ अँटिओखहून मलबारकडे निघालेले सिरियन धर्माध्यक्ष मार अथनासियस यांच्याशी पडली. सेंट थॉमस चर्चमधील उपासनेत हेबर यांनी त्यांना सन्मानाने स्थान दिले आणि या पाहुण्याने त्यांच्या हातून प्रभुभोजनही स्वीकारले. श्रद्धेचे ऐक्य आधी आणि एकत्र ख्रिस्तप्रसाद नंतर, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्यामुळे ही घटना आम्ही आदर्श म्हणून सांगत नाही. पण त्यामागची तळमळ खरी होती. मार अथनासियस पुढे केरळात गेले. तेथे स्थानिक धर्माध्यक्षांशी त्यांचा तंटा झाला, तेव्हा हेबर यांनी समेटासाठी पत्रेही लिहिली. त्यांना यश आले नाही. १८२६ साली अथनासियस यांना देशाबाहेर जावे लागले.

आता ठाण्याकडे वळू. ठाण्याची वस्ती प्रामुख्याने रोमन कॅथलिक आहे आणि हे गाव डुकरांच्या पैदाशीसाठी व खारवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, अशी नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत केली. वाचताना हसू येते. थोडे वाईटही वाटते. अँटिओखच्या पाहुण्याला वेदीजवळ नेणाऱ्या या बिशपना दारातल्या कॅथलिकांत श्रद्धाबंधू दिसला नाही. अर्थात दोष एकट्या त्यांचा नव्हे. त्या काळी साष्टीचे कॅथलिक गोव्याच्या पाद्रोआदो अधिकाराखाली होते, तर मुंबईत रोमच्या प्रचारसंघाने नेमलेल्या धर्माध्यक्षांशी त्यांची ओढाताण चालू होती. आपल्याच घरात दुही असताना शेजाऱ्याने काय पाहावे?

मुंबईहून हेबर सिलोनला गेले आणि नंतर दक्षिणेत उतरले. १८२६ चा पुनरुत्थान सण त्यांनी तंजावर येथे साजरा केला व तमिळ उपासनेत आशीर्वाद तमिळ भाषेतच दिला. ३ एप्रिल रोजी तिरुचिरापल्ली येथे पहाटे दृढीकरणाचा विधी आटोपून ते स्नानास गेले, ते परत आले नाहीत. वय अवघे ४२. तेथील सेंट जॉन चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या पत्नी अमेलिया यांनी १८२८ साली त्यांची रोजनिशी प्रसिद्ध केली.

बिशपांविषयी त्यांनी पेरलेला विचार दीड शतकाने वेगळ्या रूपात उगवला. १९७० साली अँग्लिकन आणि इतर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि त्यात बिशपपद कायम राहिले. दरम्यान १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशात अँग्लिकन पंथाचा खास उल्लेख झाला होता. १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. संत थॉमसचा वारसा सांगणारे ख्रिस्ती बांधव आज ठाणे-डोंबिवलीत आपले शेजारी आहेत.

पवित्र त्रैक्याच्या सणासाठी हेबर यांनी लिहिलेले, देवाला त्रिवार पवित्र म्हणणारे इंग्रजी स्तोत्र कॅथलिक चर्चमध्येही गायले जाते. १८६१ सालच्या त्याच्या चालीचे नाव नायसिया आहे. ३२५ साली ज्या शहरी धर्मसभा भरली आणि जिथला श्रद्धा-अंगीकार अँग्लिकन व आपण दोघेही म्हणतो, ते हे शहर.