रिंगणातला स्वार

कोणाला एखादा नट आवडतो, कोणाला एखादा फलंदाज. मला लहानपणापासून आवडत आले ते गोल फिरणारे स्वार. ही आवड मला लावली ती माझ्या मामांनी. अकोल्याला मोर्णेपलीकडे जुन्या शहरात त्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज होते. हिवाळ्याच्या सुट्टीत ते मला परतवाड्यावरून बहिरमच्या यात्रेला घेऊन जात. लोक बहिरमला जातात ते बहिरमबाबाच्या दर्शनाला आणि हंडीतले मटण-रोडगे खायला. आम्ही दर्शन उरकून थेट मौत का कुआँकडे वळत असू. लाकडी फळ्यांची ती प्रचंड विहीर, वर कठड्याला रेलून उभे असलेले आम्ही, आणि खाली सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचा आवाज. स्वार भिंतीवर चढला की पायाखालच्या फळ्या थरथरू लागत. तो हात सोडून, एका अंगावर बसून वर येई आणि आम्ही पुढे धरलेली नोट हातातून अलगद काढून नेई. मामा प्रत्येक वर्षीचा स्वार लक्षात ठेवीत. गळ्यात काळा मफलर बांधणारा, डाव्या हाताची दोन बोटे नसलेला, उतरल्यावर आधी गाडीच्या टाकीला हात लावून पाया पडणारा. नावे मात्र आम्हांला एकाचीही ठाऊक नव्हती.

मामा सांगत, की परदेशात असे स्वार अंडाकृती मैदानावर शर्यतीही लावतात. त्या खेळाला स्पीडवे म्हणतात. चार स्वार, चार फेऱ्या, आणि गाडीला ब्रेक नाही! वळणावर मागचे चाक घसरवत न्यायचे आणि तोल अंगाने सांभाळायचा. ऑस्ट्रेलियात १९२० नंतरच्या वर्षांत हा खेळ रुजला, १९२८ साली इंग्लंडला पोहोचला, आणि तिकडच्या स्वारांची नावे लोकांच्या तोंडी झाली. आपल्या विहिरीतल्या स्वाराचे नाव मात्र यात्रेबरोबरच उठून जाते.

हे सगळे आठवण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी एका कार्यक्रमात प्रत्येकाने आपल्या आवडत्या कलावंतावर पाच मिनिटे बोलायचे होते. माझ्या आधीच्यांनी बालगंधर्व, केशवसुत, भीमसेन जोशी अशी नावे घेतली. मी बहिरमच्या काळ्या मफलरवाल्यावर बोललो. सभागृहात हशा पिकला. एका सरांनी मायेनेच विचारले, की याला धाडस म्हणता येईल, पण कला कशी म्हणायची? मला उत्तर देता आले नाही. खाली बसलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन सर्कसविषयी जे मिळेल ते काढून वाचू लागलो आणि तिथे मला विष्णुपंत छत्रे भेटले. सरांच्या त्या प्रश्नाचे ऋण म्हणून हा लेख.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. ब्राह्मण घराण्यातला मुलगा, म्हणजे पोथी नाही तर कारकुनी, एवढ्या दोनच वाटा. विष्णुपंतांना दोन नाद होते, घोड्याचा आणि गाण्याचा, आणि दोन्हींसाठी त्या काळी जावे असे गाव एकच होते, ग्वाल्हेर. शिंद्यांच्या त्या राजधानीत त्यांनी घोडा शिकवण्याची विद्या घेतली आणि ख्यालगायकीतले थोर उस्ताद हद्दूखाँ यांच्याकडे गाण्याचीही तालीम घेतली. सकाळी पागेत आणि संध्याकाळी तंबोऱ्यापाशी बसणारा हा तरुण डोळ्यांसमोर आणून पाहा. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेचा कारभार त्यांच्याकडे आला. घोडे शिकवणाऱ्याला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणत. शब्दात चाबूक आहे खरा, पण चांगल्या चाबूकस्वाराचे काम चाबकापेक्षा कानाने अधिक होते, असे मला वाटते. घोड्याची दुडकी, त्याची चौखूर धाव, यांना ठेका असतो. उभ्या स्वाराला तो ठेका पायांतून ऐकावा लागतो. हद्दूखाँकडची लयीची तालीम विष्णुपंतांना रिंगणात उपयोगी पडली नसेल असे मी मानत नाही. याला पुरावा मागू नये. हा माझा तर्क आहे.

इथे रिंगणाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टले नावाचा एक माजी घोडदळातला शिपाई गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवू लागला आणि तिथून आधुनिक सर्कस निघाली. सर्कशीच्या रिंगणाचा व्यास पुढे ४२ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर, स्थिर झाला आणि जगभर तोच राहिला. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत पळू लागला, की तो आत झुकतो आणि त्याच्या पाठीवर उभा असलेला माणूसही आत झुकून तोल धरू शकतो. सरळ रस्त्यावर उभे राहणे त्याहून अवघड. घोड्याच्या पाठीवर पाय घसरू नये म्हणून राळ चोळतात. रिंगण लहान झाले तर घोड्याला धावता येत नाही, मोठे झाले तर स्वाराला आत झुकण्याचा आधार मिळत नाही. बहिरमच्या विहिरीत मोटारसायकल भिंतीला चिकटून राहते तीही त्याच शास्त्रामुळे. वेग कमी झाला की खाली. मामांना हे गणित येत नव्हते, पण स्वाराने कोणत्या क्षणी वेग दिला पाहिजे हे ते आवाजावरून सांगत, आणि क्वचितच चुकत.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १८७९ साली जुझेप्पे कियारिनी या इटालियन गृहस्थाची रॉयल इटालियन सर्कस मुंबईला आली. खेळ पाहायला कुरुंदवाडकर आले होते आणि त्यांच्याबरोबर विष्णुपंत होते. खेळ संपल्यावर बोलता बोलता विषय निघाला, की हिंदुस्थानची स्वतःची सर्कस का नाही. कियारिनींनी उत्तर दिले, की ते या देशाला इतक्यात जमायचे नाही, त्याला अजून कित्येक वर्षे लागतील. आपल्यासारखी कामे सहा महिन्यांत करून दाखवणाऱ्याला हजार रुपये आणि एक घोडा देऊ, अशी पैजही त्यांनी लावली असे सांगतात. विष्णुपंतांनी ती तिथेच उचलली.

पैजेच्या पुढच्या हकिकतीला सांगणाऱ्यांनी बरेच रंग भरले आहेत. मला त्यात फारसा रस नाही. मला ओढ वाटते ती मधल्या महिन्यांची. मुंबईहून परत येऊन विष्णुपंतांनी कुरुंदवाडला माणसे आणि जनावरे उभी केली ती कशी? घोडे पागेत होते. तालमीत तयार झालेली, मल्लखांबावर चढणारी पोरे त्या मुलखात गावोगाव होती. अमरावतीकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले, ते अशाच जुन्या तालमींच्या जोरावर. शिवाय डोंबारी आणि कोल्हाटी पिढ्यान्‌पिढ्या दोरीवर चालत होतेच. तेव्हा कियारिनींचे म्हणणे अर्धेच चूक होते असे म्हणावे लागते. कसब इथे होते. तंबू, रिंगण, तिकीट आणि एका सूत्रात बांधलेला कार्यक्रम नव्हता. तो विष्णुपंतांनी आणला. पण आद्यत्वाचा मान त्यांना देताना रस्त्यावरच्या त्या डोंबाऱ्याचा विसर पडू देऊ नये, कारण त्याची दोरी विष्णुपंतांच्या कितीतरी आधीपासून ताणलेली होती.

२० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडला निमंत्रितांपुढे पहिला खेळ झाला. भारतीय सर्कशीचा जन्मदिवस तोच मानतात. विष्णुपंत स्वतः घोड्यांवरची कामे करीत. त्यांच्या पत्नी झुल्यावर कसरती करीत आणि जनावरांचीही कामे करीत. या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली, आणि त्यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले ते आपण वाचले आहे. त्याच्याही तीन वर्षे आधी एका ब्राह्मण घरातली स्त्री चारचौघांसमोर उंच झुल्यावर लोंबकळत होती. त्या बाईंना लोकांनी काय काय ऐकवले असेल?

याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले. मराठी घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही तारीख पाठ असते; नसेल तर परीक्षेआधी करावी लागते. २० मार्च कोणाला विचारून पाहा. एकाच वर्षात सात महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्रात दोन पडदे उघडले, एक नाटकाचा आणि एक तंबूचा. पहिला अभ्यासक्रमात गेला आणि दुसरा यात्रेत राहिला. माझ्या भाषणाला हशा पिकला त्याचे मूळ मला इथे सापडले.

पुढची वर्षे फिरतीची. ग्रँड इंडियन सर्कस देशभर हिंडली, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत गेली. १८८०च्या दशकातच ती मलबारात तेल्लिचेरीला, म्हणजे आजच्या तलश्शेरीला, पोहोचली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक खेळ पाहून भारावून गेले आणि विष्णुपंतांना भेटले. त्यातून पुढे १९०१ साली कुन्हिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्कर येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली. विसाव्या शतकात आपण ज्या सर्कशी पाहिल्या, त्यांतले बहुतेक कसरतपटू मल्याळी का असत, याचे उत्तर त्या भेटीत आहे. इकडे सांगली-मिरजेच्या पट्ट्यात देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली. पुण्याचे दामू धोत्रे तर पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघसिंहांचे रिंगमास्टर झाले.

परंतु विष्णुपंतांचे मला सर्वांत आवडते काम रिंगणातले नाही. हद्दूखाँ गेले आणि त्यांचा मुलगा रहिमतखाँ दुर्दशेत सापडला. अलौकिक गळ्याचा हा गायक अफूच्या आहारी गेला होता, मनाने भरकटला होता, आणि काशीला बेवारशासारखा फिरत होता. विष्णुपंतांनी त्याला शोधून काढले आणि आपल्याबरोबर ठेवून घेतले. गुरूच्या मुलाला त्यांनी भीक घातली नाही, घरातल्या माणसासारखे सांभाळले. सर्कशीच्या मुक्कामांबरोबर रहिमतखाँ गावोगाव फिरले आणि जिथे तंबू पडे तिथे त्यांचे गाणे होई. वाघांच्या पिंजऱ्यांशेजारी मुक्कामाला असलेला हा गायक पुढे भूगंधर्व म्हणून ओळखला गेला. किराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांवरही त्यांच्या गाण्याचा प्रभाव पडला, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या ख्यालगायकीला आपण बिनदिक्कत कला म्हणतो, तिचा एक मोठा धागा एका सर्कसवाल्याच्या तंबूत जपला गेला. त्या सभागृहात मला हे माहीत असते तर!

विष्णुपंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गेले. सर्कस त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी चालवली, आणि रहिमतखाँचा सांभाळही त्यांनी शेवटपर्यंत केला. ते गाणे थोडेसे ध्वनिमुद्रिकांवर राहिले आहे. विष्णुपंतांच्या स्वारीचे असे काहीच राहिले नाही. घोडा थांबला की स्वारी संपली.

सर्कसही आता ओसरली आहे. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांकडून कामे करून घेण्यास मनाई केली. दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्या होत्या असे माझे मत आहे. पिंजऱ्यातल्या वाघासाठी मला हळहळ वाटत नाही. हळहळ वाटते ती स्वारांसाठी.

या हिवाळ्यात बहिरमला पुन्हा गेलो. मामा आता येऊ शकत नाहीत. विहिरीत एक नवा पोरगा होता, माझ्याहून वयाने लहान, उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली. त्याने माझ्या हातातली दहाची नोट नेली, खाली उतरून इंजिन बंद केले आणि हातातल्या नोटा मोजू लागला. मी जिना उतरून मागच्या बाजूला गेलो आणि त्याला आधी नाव विचारले. त्याला वाटले, मी पोलिसातला आहे. नाही म्हटल्यावर हसला आणि त्याने नाव सांगितले. ते माझ्या वहीत आहे. त्याची परवानगी घेतलेली नाही म्हणून इथे छापत नाही. परत येताना अकोल्याला उतरून मामांना ते सांगितले. त्यांनी नाव दोनदा म्हणून घेतले आणि मग विचारले, की गाडी कोणती होती?