उतरवून काढण्याचा धोका

केसपेपरचे पान भरले की औषधे नव्या पानावर उतरवावी लागतात. निवासी डॉक्टर असताना रात्री दोन वाजता मी डिगॉक्सिनचे ०.२५ मिलिग्रॅम २.५ लिहिले होते. सिस्टरांनी वेळीच हटकले म्हणून निभावले. ग्रेस हॉपर यांच्याविषयी वाचताना ते पान आठवले.

हॉपर १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी मिळवली, व्हॅसर कॉलेजात शिकवत होत्या. महायुद्धात नौदलात जायचे ठरवले तर वजन कमी भरले. सवलत मिळवून १९४३ मध्ये भरती झाल्याच. पुढच्या वर्षी हार्वर्डच्या मार्क-१ संगणकावर नेमणूक झाली.

तिथे प्रोग्रामर आपापल्या वहीत तयार आकडेमोडी लिहून ठेवत, उदाहरणार्थ एखाद्या कोनाचा साइन काढण्याची. अशा तुकड्याला सबरुटीन म्हणतात. दुसऱ्याचा तुकडा हवा असेल तर वही मागायची आणि हाताने उतरवायचा. त्रास पुढेच होता. प्रत्येक तुकड्यातले पत्ते शून्यापासून मोजलेले असत. तो नव्या प्रोग्राममध्ये शंभराव्या जागी बसवला, तर आतल्या प्रत्येक पत्त्यात शंभर मिळवायचे. गणिताचे पदवीधरही यात चुकत. (आम्ही डॉक्टर तर चुकतोच.)

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. उतरवणे आणि मिळवणे ही यंत्राचीच कामे आहेत, हे त्यांनी ओळखले. १९५२ पर्यंत त्यांचा ए-झिरो तयार झाला. सबरुटीन टेपवर साठवलेली, प्रत्येकीला क्रमांक. प्रोग्रामरने फक्त क्रमांक द्यायचा. यंत्र टेपवरून तो तुकडा शोधी, पत्ते बदली आणि सगळे जोडून प्रोग्राम तयार करी. याला त्यांनी कंपायलर म्हटले. आजच्या भाषेत तो लिंकरच्या अधिक जवळचा. संगणक प्रोग्राम लिहू शकतो यावर सुरुवातीला फारसे कुणी विश्वास ठेवला नाही.

आज प्रोग्रामच्या माथ्यावर ‘इम्पोर्ट’ची एक ओळ लिहिली की तेच काम होते. फरक एवढाच, की वहीतली चूक एका प्रोग्रामपुरती असे. सामायिक मॉड्यूलमधली चूक ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये जाते. दुरुस्ती मात्र एकाच ठिकाणी करावी लागते, आणि प्रोग्राम पुन्हा बांधले की ती सगळीकडे पोचते. नव्या पानावर मी लिहिलेले २.५ शोधायला असे काही नव्हते, सिस्टर होत्या.

पुढे कोबोल भाषेवर हॉपर यांच्या कामाचा मोठा ठसा उमटला. १९८६ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी वारल्या.