दातांतले जग पाहणारा कापडवाला

गणपतीचे दहा दिवस बालाघाटात घरोघरी मोदक, लाडू, पेढे चालतात. एवढ्या गोडाधोडात दातांवर जमणाऱ्या पांढरट थराकडे कोण लक्ष देतो? सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ते दिले अँटनी व्हॅन लीवेनहूक यांनी. नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्या आम्हा सरकारी माणसांना ते आपल्यातलेच वाटतात.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी १६३२ साली, टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. विद्यापीठ पाहिले नाही, लॅटिन येत नव्हते. त्यांनी कापडाचे दुकान काढले. १६६० मध्ये नगराच्या कचेरीत दालनाच्या देखरेखीची नोकरी मिळाली. फावल्या वेळात त्यांनी स्वतः भिंगे घासून शेकडो सूक्ष्मदर्शक बनवले.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. ते रोज मिठाने दात घासत, कापडाने पुसत. तरी दाढांच्या फटीत पिठासारखा थर उरे. तो पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर इवले जीव सुळसुळत होते! कधीच दात न घासणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची झुंबड दिसली. पुढे त्यांनी व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले जिवंत राहिले.

त्या थराला आज बायोफिल्म म्हणतात. काही जंतू आधी दाताला चिकटतात, त्यांच्या आधाराने दुसरे येतात. एकाने सोडलेले आम्ल दुसऱ्याचे अन्न होते, आणि चिकट द्रव्याच्या आड सारी वस्ती सुरक्षित राहते. सगळेच जंतू वाईट नसतात. पण वारंवार साखर मिळाली की आम्ल करणारे माजतात आणि दात किडतो. थर हिरडीच्या कडेला साचून राहिला की हिरडी सुजते, रक्त येते, पुढे दात हलू लागतात. मधुमेहात हिरड्यांचा रोग बळावतो, आणि तो रोग रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे कठीण करतो. आपल्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदी ओलांडून लीवेनहूक गेले. त्यांनी दाखवलेली गोष्ट आजही खरी आहे: नुसत्या चुळीने थर जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. तेव्हा प्रसाद आनंदाने घ्यावा, आणि रात्री दात घासल्याशिवाय झोपू नये, एवढीच आमची विनंती.