विश्लेषण : चंपावतच्या वाघिणीसमोर जिम कॉर्बेट यांच्याकडे तीनच काडतुसे का होती?

नैनितालमध्ये १८७५ साली जन्मलेले जिम कॉर्बेट मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम पाहत. १९०७ मध्ये ते चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर गेले. नेपाळ आणि कुमाऊंत मिळून तिने ४३६ बळी घेतल्याचे सांगितले जाते.

दुनळी रायफल कशासाठी?

कॉर्बेट यांच्याकडे .५०० बोअरची, कॉर्डाइटच्या काडतुसांची रायफल होती. दुनळीत पहिला बार हुकला तरी दुसरा लगेच टाकता येतो. त्यानंतर मात्र रायफल उघडून रिकामी टरफले काढावी लागतात आणि नवी काडतुसे हाताने भरावी लागतात. जवळच्या हल्ल्यात तेवढा वेळ मिळत नाही. दोनच बार टाकता येतील, तिसरे अडचणीला असू द्यावे, हा कॉर्बेट यांचा हिशेब होता.

मग काय घडले?

सुमारे ३०० गावकऱ्यांनी हाका घातला. पहिली गोळी हुकली, उरलेल्या दोन लागल्या. पण जखमी वाघीण उभीच होती. हिशेब चुकला होता. कॉर्बेट यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. तिच्या नळ्यांच्या मागच्या टोकाशी फट होती, बार मागे फुटण्याचा धोका होता. तरीही त्यांनी चाप ओढला. ती गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी.

पुढे काय?

नंतर कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती घेतला आणि वाघांच्या रक्षणासाठी लिहिले. १९५५ मध्ये केनियात त्यांचे निधन झाले. पुढे राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.