आरमाराचा ग्रंथकार : आल्फ्रेड महॅन

आल्फ्रेड थेयर महॅन यांचा जन्म २७ सप्टेंबर १८४० रोजी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे झाला. वडील तेथील लष्करी अकादमीत प्राध्यापक. मुलगा मात्र आरमारात गेला. गंमत अशी, की या अधिकाऱ्याचे मन जहाजापेक्षा पुस्तकांत अधिक रमे.

१८८४ च्या सुमारास त्यांचे जहाज पेरूच्या किनाऱ्यावर होते. लिमा शहरातील एका क्लबच्या ग्रंथालयात मॉमसेनचा रोमचा इतिहास वाचताना त्यांच्या मनात आले, की हॅनिबलला समुद्रमार्ग मोकळा असता तर आल्प्स ओलांडताना त्याचे सैन्य झिजले नसते. या विचारातून न्यूपोर्टच्या नाविक युद्ध महाविद्यालयातील व्याख्याने तयार झाली आणि प्रकाशकांचे नकार पचवून १८९० साली समुद्रसत्तेवरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचे सूत्र आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाही पटावे : माल, व्यापारी जहाजे, बंदरे आणि त्यांना राखणारे आरमार ही एकच साखळी होय.

पुस्तके लिहिणे हे आरमारी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे मानणाऱ्या वरिष्ठांनी १८९३ मध्ये त्यांना पुन्हा समुद्रावर धाडले. त्याच सफरीत, १८९४ साली, ऑक्सफर्ड व केंब्रिजने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या! जर्मन कैसरनेही हा ग्रंथ आपल्या युद्धनौकांवर ठेवविला. पुढे जर्मनी व ब्रिटन यांच्यात युद्धनौका बांधण्याची चुरस लागली. व्यापार राखण्याचा धडा राष्ट्रांनी तोफा मोजण्यापुरताच घेतला. महायुद्ध पेटल्यावर काही महिन्यांतच, १ डिसेंबर १९१४ रोजी, महॅन वारले.

हिंदी महासागराचे भारताच्या दृष्टीने महत्त्व सरदार के. एम. पणिक्कर यांनी १९४५ साली ग्रंथरूपाने मांडले. ही वाट महॅन यांनीच रुळवली होती.