पाचगणीचा पियानो, वेम्ब्लीचे मैदान

लंडनच्या केन्सिंग्टन भागात लोगन प्लेस नावाचा एक शांत रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या ‘गार्डन लॉज’ या बंगल्याची भिंत आणि तिचे हिरवे दार पंचवीसएक वर्षे कधी कोरे राहिले नाही. देशोदेशींची माणसे येत, चिठ्ठ्या चिकटवत, फुले ठेवत, कोणी थेट दारावरच चार ओळी लिहून जात. २०१७ साली ही पत्रे तिथून काढली गेली. ती ज्याच्या नावाने लिहिली होती तो फ्रेडी मर्क्युरी मात्र २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, याच घरात गेला होता. गंमत अशी, की जिवंतपणी हे दार त्याने परक्या माणसाला क्वचितच उघडले.

त्याचे खरे नाव फारूख बलसारा. मूळचे बलसाडचे हे पारशी कुटुंब. वडील झांझिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल. ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारूख तिथेच जन्मला. रोखपालाचे घर म्हणजे कसे, हे ज्याने बँकेत आयुष्य काढले त्याला वेगळे सांगायला नको. पैचा हिशेब लागल्याशिवाय दिवस मावळत नाही. अशा घरातला मुलगा वयाच्या आठव्या वर्षी, १९५५ साली, बोटीने मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. आई-वडील समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईचे नातेवाईक, बाकी वर्षभर सह्याद्रीचे धुके आणि शाळेची घंटा. समोरच्या दातांपुढे आलेले त्याचे दात मुलांच्या थट्टेचा विषय होते. जबड्यात चार दात जास्त होते म्हणून ते पुढे ढकलले गेले होते. पुढे लाखो मिळवूनही त्याने ते काढले नाहीत. काढले तर आवाज बिघडेल ही भीती.

शाळेत त्याला पियानो सापडला. एकदा ऐकलेली चाल हा मुलगा लगेच वाजवून दाखवतो, हे शिक्षकांच्या लक्षात आले आणि शिकवणी सुरू झाली. पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि शाळेच्या समारंभांत तो रंगू लागला. यातली मौज म्हणजे त्या वाद्यवृंदात पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फारूख बाजूला पियानोवर बसे. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला पाचगणीतच मिळाले.

पुढे तो झांझिबारला परतला आणि १९६४च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली. बलसारा कुटुंबाने हाताशी येईल ते घेऊन इंग्लंड गाठले आणि विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये बिऱ्हाड मांडले. फ्रेडीने हीथ्रोवर सामान उचलण्याचे काम केले, ईलिंगच्या कलाशाळेत रेखाटन शिकला, केन्सिंग्टन बाजारात मित्राबरोबर जुने कपडे विकले. हा मित्र म्हणजे ढोलताशा सांभाळणारा रॉजर टेलर. त्याच्या आणि गिटारवादक ब्रायन मेच्या वाद्यवृंदात १९७० साली फ्रेडी गायक म्हणून शिरला आणि शिरताच नाव बदलून ‘क्वीन’ केले. बलसाराचा मर्क्युरी झाला तोही याच सुमारास. वर्षभराने जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली.

१९७५ साली त्याने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुमारे सहा मिनिटांचे होते आणि त्याला नेहमीचे ध्रुपदच नव्हते. रेडिओवर एवढे लांब गाणे कोण लावणार, अशी शंका जाणत्यांनी काढली. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पण रॉकच्या चाहत्यांना आठवणी काढायला बसवा, ते तबकडीपाशी थांबत नाहीत. ते मैदानावर येतात, आणि मैदान म्हटले की १३ जुलै १९८५. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफने भरवलेला ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर चालू होता. समोर सुमारे ७२ हजार माणसे, उपग्रहामार्फत जगभर प्रक्षेपण. प्रत्येकाला वीसेक मिनिटे. ‘क्वीन’ची वेळ संध्याकाळी पावणेसातच्या आसपास, म्हणजे विलायती उन्हाळ्यातले लख्ख ऊन. रॉक मैफलीचा अर्धा थाट अंधारात असतो: धूर, झोत, रंगीत दिवे. इथे त्यातले काहीच नाही. शिवाय गर्दी काही एकट्या त्यांच्यासाठी आलेली नव्हती. म्हणून त्यांनी आधी लंडनच्या एका नाट्यगृहात घड्याळ लावून तालमी केल्या. रोखपालाचा मुलगा तो, मिनिट वाया घालवणार नव्हता.

तो आला आणि आधी पियानोवर बसला. पाचगणीत बसायचा तसाच. मग उठला, अर्धा तुटका माइकचा दांडा हातात घेतला आणि पुढच्याच गाण्याला ७२ हजार माणसांचे हात एका वेळी डोक्यावर टाळी देऊ लागले. मध्येच वाद्ये थांबवून त्याने नुसता आकार लावला. शब्द नाहीत, अर्थ नाही. तो एक तान फेकी, मैदान ती परत करी. आपल्या कीर्तनात बुवा टाळकऱ्यांना असेच बरोबर घेतात. भाषा न कळणाराही त्यात गायला लागतो. आदल्या तासापर्यंत दुसऱ्या कोणासाठी आलेली माणसे वीस मिनिटांत त्याची होऊन गेली.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला ‘क्वीन’ची फ्रेडीसह शेवटची मैफल झाली. ती शेवटची आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी त्याला एड्स असल्याचे निदान झाले. आपल्याकडे मद्रासला पहिले रुग्ण सापडले ते १९८६ साली. तेव्हा या रोगाचे नाव जगात सगळीकडे खालच्या आवाजात घेतले जाई आणि रोग्याच्या चारित्र्याची चौकशी आधी होई. वार्ताहर त्याच्या फाटकाबाहेर तळ ठोकून बसले. त्याने ते जवळच्यांपुरते ठेवले. हे लपवणे भ्याडपणाचे होते असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. आजार हा ज्याचा त्याचा असतो. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो इथे, धड उभे राहवत नसताना तो गाणी ध्वनिमुद्रित करत होता. त्यातल्या एकाचे शेवटचे कडवे त्याला जमले नाही, ते ब्रायन मेने गाऊन पुरे केले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने आजार जाहीर केला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. अस्थी कुठे आहेत हे आजही जाहीर नाही.

रडायला समाधी नाही, तेव्हा चाहत्यांनी मैदान निवडले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. ‘क्वीन’चे उरलेले तिघे सोडल्यास कोण गाणार हे सांगितलेही नव्हते, तरी तिकिटे काही तासांत संपली. एल्टन जॉन, जॉर्ज मायकेल गायले; डेव्हिड बोवीने भर मैफलीत गुडघे टेकून प्रार्थना म्हटली; एलिझाबेथ टेलर एड्सविषयी उघड बोलली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’चे पैसे या रोगाविरुद्धच्या कामाला जातात. जे नाव तो आयुष्यभर टाळत आला, ते त्याच्यासाठी जमलेल्या हजारो माणसांसमोर मोठ्याने घेतले गेले.

तो आपला, असे आता आपण अभिमानाने म्हणतो. तो मात्र आपल्या बालपणाविषयी फारसा बोलत नसे, हेही ध्यानात ठेवावे.

१ जुलै २०१७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘ग्रीन डे’ या अमेरिकी वाद्यवृंदाची मैफल होती. ते यायला वेळ होता, म्हणून ध्वनिवर्धकावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावले होते. बघता बघता सारी बाग गाऊ लागली. त्यात फ्रेडीच्या मृत्यूनंतर जन्मलेली पोरेही होती. सहा मिनिटे, सगळे चढउतार, वाद्यांच्या जागासुद्धा तोंडाने. गाणे संपल्यावर लोकांनी रंगमंचाकडे पाहून जोरात टाळ्या वाजवल्या. रंगमंचावर कोणीच नव्हते.