थोरल्या बाजीरावांचा धाकटा भाऊ: वसई जिंकणारे चिमाजी अप्पा

पाचूबंदरच्या कोळीवाड्याला लागूनच वसईचा किल्ला आहे. आत चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. पण त्यांची ओळख विचारली, तर बहुतेकजण बाजीरावांचा भाऊ एवढंच सांगतील. हे जरा अन्यायाचंच आहे.

बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाईंचा हा धाकटा मुलगा. 29 नोव्हेंबर 1728 रोजी माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मुघल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला. गिरधर बहादूर त्या लढाईत मारला गेला. 1736 मध्ये त्यांनी कोकणात सिद्दी सातला संपवलं. प्रकृती मात्र नाजूक होती.

खरी कसोटी वसईत लागली. हा किल्ला दोनशे वर्षांहून जास्त काळ पोर्तुगीजांकडे होता. तीन बाजूंना पाणी, जमिनीकडून भक्कम तट. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि अर्नाळा घेतले, पण वसई पडली नाही. मग अप्पा स्वतः आले. जानेवारी 1739 मध्ये तारापूर घेतलं, तिथे बाजी भिवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला.

बाजीरावांची लढाई म्हणजे घोडदौड. इथे घोड्यांचा उपयोग नव्हता. समुद्राकडून मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने नाकेबंदी केली आणि जमिनीकडून तटाखाली भुयारं खणून सुरुंग पेरले गेले. मे महिन्याच्या सुरुवातीला ते पेटवले. काही उशिरा उडाले आणि खिंडाराकडे धावलेले मराठेच ढिगाऱ्याखाली गाडले गेले. तरी हल्ले थांबले नाहीत. मराठ्यांकडचे सुमारे 5000 जण मेले किंवा जखमी झाले.

16 मे 1739 रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. इतकी माणसं गमावूनही अप्पांनी कत्तल केली नाही. शिबंदीला शस्त्रांसह, बायकामुलांसह जाऊ दिलं. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा दिली. तहातलं हे कलम क्वचितच सांगितलं जातं. किल्ल्यातल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची मोठी घंटा वसईचीच.

एप्रिल 1740 मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी 17 डिसेंबरला अप्पाही. वय जेमतेम तेहतीस. मागे दहा वर्षांचा मुलगा होता: सदाशिवराव, पुढे पानिपतावर पडलेले भाऊ.